पिंपळगाव राहिलंय

नित्या जानेवारीत गेला आणि मे महिन्यात ऑनलाइन आला.

आज त्याची पुण्यतिथी. इतकी वर्षं हे लिहिलं नाही, कारण कुणी भुताखेताची पोस्ट टाकली की पहिला मीच खिदळतो.

जे त्याला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी. नितीन, माझा कॉलेजचा मित्र. दोन हजार सालानंतरची गोष्ट, गंगापूर रोडला आम्हा दोघांचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान होतं.

तेव्हा अख्खं नाशिक सायबर कॅफेत बसून चॅट करायचं. आणि त्या चॅटच्या सॉफ्टवेअरला एक भोक होतं. कुणी मुद्दाम खूप लांब मेसेज पाठवला की समोरचं मशिन त्याच्या ताब्यात जायचं. ते भोक बुजवायला कंपनीने पॅच, म्हणजे ठिगळ, काढला होता.

माझ्या काही डोक्यात शिरेना.

"चार किलोच्या पेटीत कुणी न मोजता सहा किलो द्राक्षं ओतली," नित्या म्हणाला. "वरची दोन किलो शेजारी सांडली. शेजारी चिठ्ठी ठेवलीय, माल कुठे न्यायचा त्याची. सांडलेल्या मालातून खोटी चिठ्ठी येऊन खरीवर बसली, की ट्रक निघाला भलतीकडे."

"आणि पॅच काय करतो?"

"ओतायच्या आधी मोजतो. बास."

डायल-अपवर तो पॅच उतरवायला दुपार जायची. म्हणून नित्याने सीडी बनवली आणि कॅफे-कॅफे हिंडायला लागला. फुकटात. वेडाच होता.

त्यात आपल्याकडची पद्धत. मशिन जरा स्लो झालं की फॉरमॅट मारायचा आणि मूळ सॉफ्टवेअरची तीच जुनी सीडी टाकायची. पॅच गायब, भोक परत उघडं. नित्या शिव्या घालायचा आणि परत जायचा.

जिथे असेल तिथून आईला एक मेसेज मात्र ठरलेला.

"जेवलीस का?"

काकू शाळेत शिकवायच्या. घरी नित्यानेच जोडून दिलेला कॉम्प्युटर. एकेक अक्षर शोधत त्या उत्तर द्यायच्या, "हो, जेवले."

शेवटचा तो गेला पिंपळगाव बसवंतला, बाळूभाऊंच्या कॅफेत. त्यांनी परत फॉरमॅट मारलेला. नित्याने स्वतःच्या नावाने लॉगिन करून बघितलं, जुनंच व्हर्जन. सीडी घालणार, तेवढ्यात लाइट गेली. लोडशेडिंग. तो घरी आला तो ताप घेऊनच.

कावीळ निघाली. हॉस्पिटलमध्ये मी जवळ बसलो होतो. डोळे पिवळेजर्द.

"विन्या, पिंपळगाव राहिलंय."

माझ्याशी तो बोललेलं शेवटचं वाक्य हे.

तेराव्यानंतर मी गेलो. कॅफेचं शटर बंद. द्राक्षांच्या सीझनला बाळूभाऊ कॅफे बंद ठेवून पॅकहाऊसवर असायचे.

मग मे महिना. भर दुपार, दुकानात मी एकटा. त्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी ऑनलाइन आलं की दार उघडल्याचा आवाज यायचा.

दार उघडलं. नित्याच्या नावापुढे हिरवा दिवा.

मग त्याचा मेसेज आला. लांबच्या लांब. नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं, संपतच नव्हता.

मी उठून सरळ दुकानाबाहेर आलो. खोटं कशाला बोलू.

जरा वेळाने डोकं चालायला लागलं. पिंपळगावचा कॅफे उघडला असणार. लाइट गेली तेव्हा लॉगआउट राहिलेलं, म्हणून मशिन नित्याच्या नावाने आपोआप लॉगिन झालं, कुणीतरी त्या भोकातून आत घुसलं आणि आता त्याच्या यादीतल्या सगळ्यांना तेच पाठवतंय.

यादीत काकू पण होत्या.

पळत गेलो. काकू स्क्रीनसमोर बसलेल्या, चष्मा हातात.

"विनू, नित्या काहीतरी सांगतोय रे. मला वाचता येत नाहीये. तू वाचून दे."

मी त्यांना सगळं सांगितलं. पेटी, द्राक्षं, चिठ्ठी, नित्याच्याच शब्दांत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग आपल्या कॉम्प्युटरमध्ये का नाही शिरलं?"

"इथे नित्याने पॅच मारलाय, काकू."

"म्हणजे त्याच्याच नावाने आलं, आणि त्यानेच आत येऊ दिलं नाही."

मी उद्याच जाऊन ते बंद करतो म्हटलं, तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे ना थोडे दिवस. दिवा तर दिसतोय."

मी बरं म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूच दुकानात आल्या.

"बाकीच्यांकडे आहे का तो पॅच?"

"सगळ्यांकडे नाही."

"मग चल."

एसटीने गेलो. बाळूभाऊ काकूंना बघून उभेच राहिले. "लय वाईट झालं, ताई. सीझनमध्ये आम्हाला कळलंच नाय. बसा, गिऱ्हाईक नाय आता."

कोपऱ्यातलं मशिन. त्यावर नित्या ऑनलाइन.

मी सीडी काढली. नित्याच्या अक्षरातली.

"थांब," काकू म्हणाल्या. "आधी मला त्याचा मेसेज जाऊ दे. नेहमीचा."

मी टाइप करायला बसलो आणि परत उठलो. मग त्यांनीच केला. एकेक अक्षर शोधत, त्याच्या खिडकीतून स्वतःलाच.

मग मी लॉगआउट केलं, फॉरमॅट मारला, पॅच मारला.

घरी आलो. काकूंच्या स्क्रीनवर त्या सगळ्या कचऱ्याखाली एक ओळ होती.

"जेवलीस का?"

काकूंनी उत्तर लिहिलं. "हो, जेवले."

खाली लगेच सूचना आली, की ही व्यक्ती ऑनलाइन नाही, आल्यावर मेसेज पोचेल.

"पोचेल म्हणतंय," काकू म्हणाल्या. उठल्या आणि कुकर लावला. सकाळपासून आम्ही दोघंही उपाशी होतो.

ते सॉफ्टवेअर पुढे बंदच पडलं. तो मेसेज कुठे अडकलाय कुणास ठाऊक. दार वाजलं की मी अजून आधी स्क्रीनकडे बघतो.

नित्या, पिंपळगाव झालं.

काकू जेवल्या.

आता हिंडू नकोस रे. नीट झोप.