विहिरीवरची सून

उत्रोलीच्या रतनला अक्षरओळख शाळेनं नाही, थोरल्या भावानं करून दिली. कुंडलिक भोरला शिकायला जायचा आणि शनिवारी तिथल्या वाचनालयातून एक मासिक घेऊन यायचा. त्यात ‘वेताळदास’ या टोपणनावानं कुणी लेखक भुताच्या गोष्टी लिही. भाताच्या पेंढ्यावर बसून दोघं भर दुपारी वाचत, आणि तरीही रतन भावाचा सदरा मुठीत घट्ट धरून ठेवी.

सगळ्यांत लांबली ती ‘विहिरीवरची सून’. रोज तिन्हीसांजेला विहिरीच्या काठावर एक बाई दिसे. कुंडलिक म्हणे, ती मेलेली. रतन म्हणे, जित्ती हाय. शेवटचा भाग यायच्या आधीच मासिक बंद पडलं. भांडण तसंच राहिलं.

दोन वर्षांनी रतन लग्न होऊन वेल्ह्याकडं, विंझरला गेली. नवरा सावळाराम मायाळू. पण त्या घरात पंचांगाखेरीज छापील कागद नव्हता. कुंडलिक पुढं पलटणीत भरती झाला आणि लढाई लागल्यावर बोटीनं आफ्रिकेत गेला.

बेचाळीस साली गावात नवे मास्तर आले. रतनबाई त्यांना ताक द्यायला गेली, तर फळीवर एक जाड पुस्तक. पुठ्ठ्यावर नाव : वेताळदास. तिनं तांब्या तिथंच खाली ठेवला.

“मास्तर, ह्ये वाचाया द्याल का?”

“तुम्हाला वाचता येतं?”

“येत हुतं,” ती म्हणाली.

चौदा वर्षांत जोडाक्षरं परकी झाली होती. अक्षराखाली बोट धरून ती चार दिवस दुपारची त्यातली ‘विहिरीवरची सून’ मोठ्यानं वाचत राहिली. सावळाराम बैलांना वैरण टाकून जवळ येऊन बसला तो उठलाच नाही. “मग फुडं?” म्हणून सारखा विचारी.

सून जिवंतच होती. सासरच्यांनी तिला गोठ्यात कोंडलेलं आणि गावात भुताची आवई उठवलेली. पाण्याच्या निमित्तानं सुटली की ती काठावर उभी राहून माहेरची वाट बघायची. पोरवयात रतनला त्या बाईची धडकी भरायची. आता तिचे डोळे भरून आले.

“दादासंगं घातलेलं भांडण जिंकलीस की गं!” सावळाराम म्हणाला.

“व्हय. पर सांगू कुनाला?”

दुसऱ्या दिवशी तिनं मास्तरांकडून कागद मागून घेतला. ‘दादा, ती जित्ती हुती,’ इथून सुरुवात करून तिनं सगळा शेवट वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिला. मास्तरांनी वर पलटणीचा पत्ता घातला.

दिवाळी झाली, भात खळ्यावर आलं, उत्तर आलं नाही. गाडीवाट दिसेल अशा बेतानं ती खळ्यावर बसू लागली.

संक्रांतीला तिनं पुस्तकातली दुसरी गोष्ट उतरवायला घेतली. या खेपेला तिनं शेवट लिहिला नाही. खाली एवढंच घातलं, ‘फुडचं घरी आल्यावर वाचू.’