नसीमआपा आणि पुठ्ठ्याची गल्ली

त्या दुपारी मी शाळेच्या गल्लीत शिरले, तर सकाळच्या शाळेची मुलं भिंतीला टेकून गप्प उभी होती. एरवी एक शाळा सुटते आणि दुसरी भरते तेव्हा आमच्या फाटकात असा कल्ला असतो की रिक्षावाले हॉर्न वाजवायचंही सोडून देतात. मी विचारलं, "काय रे, आज लवकर सुटली शाळा?" पहिलीतली एक मुलगी पुढं आली आणि म्हणाली, "बाई, आपा गुजर गए..." आपण काय बोललो हे तिला पुरतं कळलं नसावं. आता मी काय करते, हे बघत ती माझ्या तोंडाकडं पाहत राहिली. मी फाटकाचा गज धरून उभी राहिले. आदल्या दिवशी याच फाटकात नसीमआपा मला म्हणाल्या होत्या, "छातीत जरा जड वाटतंय गं, जाते घरी." पहाटे झोपेतच त्या गेल्या. याला आता काही आठवडे झाले.

सोलापुरात आमच्या भागात शाळेची इमारत एक आणि शाळा दोन. सकाळी उर्दू, दुपारी मराठी. नसीमआपा सकाळी बालवाडी आणि पहिली एकत्र सांभाळायच्या, दुपारी त्याच खोलीत, त्याच बाकांवर माझी पहिली बसायची. मी नवी होते तेव्हा माझी मुलं रोज तक्रार करायची, "बाई, सकाळचे लोक लई घाण करतेत." मी आपांना सांगायला गेले, तर त्या खळखळून हसल्या. "माझीपण हेच म्हणतात की! दुपारचे लोक खडू चोरतात म्हणून. वैशाली, एका बाकावर बसतात ही पोरं, आणि एकमेकांचं तोंड कधी बघितलं नाही. भुताशी भांडल्यागत भांडतायत."

त्यातूनच 'बाकाचा सोबती' निघाला. सकाळच्या मुलानं बाकाखालच्या फळीवर दुपारच्या मुलासाठी काहीतरी ठेवून जायचं, आणि दुपारच्यानं त्याला उत्तर द्यायचं. एकाची लिपी दुसऱ्याला येत नव्हती, म्हणून सगळा कारभार चित्रांचा आणि वस्तूंचा. कुणी मोराचं पीस ठेवी, कुणी मातीचा बैल. यंदा माझ्या वर्गात आलेली भार्गवी यंत्रमागावर काम करणाऱ्यांच्या घरातली, घरात तेलुगू बोलणारी, मराठीत अजून अडखळणारी. तिची सोबतीण सना, एका रिक्षावाल्याची मुलगी. सनानं मांजर काढलं की भार्गवी दुधाची वाटी काढून ठेवायची. पुढं आपांनी शनिवारी दोन्ही वर्ग एकत्र गल्लीत फिरवायला सुरुवात केली. गिरणीत पीठ कसं पडतं, मागावर टॉवेल कसा उतरतो, दर्ग्यापुढचा फुलवाला सकाळी किती वाजता उठतो, हे मुलांनी स्वतः विचारायचं. पहिल्या शनिवारी सना आणि भार्गवी समोरासमोर आल्या आणि दोघीही लाजून आपापल्या बाईंमागं लपल्या. परतताना मात्र हात सोडायला तयार नव्हत्या.

मग सगळ्यांनी मिळून वर्गातल्या टेबलावर पुठ्ठ्याची गल्ली केली. चपलांच्या खोक्यांची घरं, काडेपेट्यांची दुकानं, मागावरच्या उरल्यासुरल्या सुताची झाडं. देऊळ होतं, मशीद होती, आणि मध्ये भली मोठी पाण्याची टाकी, कारण पाणी कधी येणार हीच आमच्याकडं रोजची चर्चा. पालक बघायला येऊन आपापलं घर शोधत. "आमचा पत्रा निळा हाय की!" म्हणून एका आजोबांनी छप्पर बदलून घेतलं होतं.

त्याच सुमारास शहरात कुठंतरी दगडफेक झाली. आमच्या गल्लीत काही घडलं नाही, पण दुकानं लवकर बंद होऊ लागली. सोमवारी सकाळी आपांनी वर्ग उघडला, तर पुठ्ठ्याची गल्ली भिंतीपाशी चेंगरून पडलेली. टाकी फुटलेली, देऊळ आणि मशीद एकमेकांत घुसलेली. सकाळची मुलं म्हणाली, दुपारच्यांनी मोडलं. दुपारी माझी मुलं म्हणाली, सकाळच्यांनी. संध्याकाळपर्यंत ते घराघरात पोचलं, आणि घरी पोचल्यावर ते मुलांचं भांडण उरलं नाही. मी म्हटलं, "आपा, नीट विचारू या, कोण होतं ते." त्यांनी मान हलवली. "विचारलं की पोरं नाव सांगतात. खरं असो, खोटं असो... नाव आधी येतं." शनिवारच्या फेऱ्या बंद झाल्या. बाकाखाली चित्रं येईनाशी झाली. सनाचं घर गल्लीच्या तोंडाशी, म्हणून दुपारची मुलं येता-जाता तिलाच "तूच मोडलं" म्हणू लागली. ती शाळेला यायची थांबली.

त्या सोमवारपासून रजेवर गेलेला शिपाई पुढं परत आला आणि सहज बोलून गेला, "ते व्हय? त्या रविवारी ह्याच वर्गात मोठ्या माणसांची मीटिंग झाली की. गावात शांतता ऱ्हावी म्हनून. खुर्च्यांना जागा नव्हती, तवा दोन्हीकडच्या मंडळींनी मिळून टेबल उचलून भिताडाला लावलं. वरचं पडलं की काय, कुनी बघितलं न्हाय." आपा खुर्चीवर बसल्या. आधी त्यांना हसूच आलं, आणि मग हसता हसता त्यांनी ओढणीनं तोंड झाकलं...

त्या संध्याकाळपासून आम्ही दोघी घरोघर गेलो. बहुतेकांनी ऐकून घेतलं, चहा पाजला, काही ओशाळलेही. शनिवारची फेरी पुन्हा सुरू झाली, थोड्या मुलांची. सनाच्या वडिलांनी मात्र तिचं नाव शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत घातलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "आपा, कुणी मोडलं ते कळलं, ठीक हाय. पण माझी पोरगी झोपेत 'मी न्हाय, मी न्हाय' म्हणून ओरडायची. त्याचं काय करू?" परतताना आपा म्हणाल्या, "वैशाली, ओळखच नसती तर तिला एवढं लागलं असतं का गं? जवळ आणलं ते आपणच." मी म्हटलं, असं नसतं आपा. पण तसं का नसतं, हे मला तेव्हा सांगता आलं नाही, आणि आजही येत नाही. हे त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेलं नाही. शाळेवरून रिक्षा गेली की बोलता बोलता त्या खिडकीकडं बघायच्या.

आपांच्या मागं त्यांच्या वर्गावर नव्या बाई आल्या. चांगल्या आहेत, पण नव्या आहेत. पहिल्याच दुपारी भार्गवी पाणी प्यायला गेली आणि कोरडा पेला घेऊन परत आली. "बाई, माठात पानीच न्हाय." तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की इतकी वर्षं सकाळची शाळा सुटल्यावर आपा मागं थांबून दुपारच्या मुलांसाठी माठ भरून ठेवायच्या. सोलापूरच्या उन्हातून आलेली माझी मुलं आल्या आल्या गार पाणी प्यायची, आणि ते कुणी भरलं हे कधी कुणी विचारलं नव्हतं. मी भार्गवीला घेऊन शाळेच्या टाकीपाशी गेले. आम्ही दोघींनी माठ विसळला, भरला.

आता संध्याकाळची घंटा झाली की दप्तर पाठीला लावण्याआधी भार्गवी टाकीवर जाते. दोन्ही हातांनी कळशी उचलून माठ भरते, वर झाकण ठेवते, झाकणावर पेला पालथा घालते. सकाळी ते पाणी कोण पिणार, हे तिला ठाऊक नाही. कालच एका मुलानं तिला विचारलं, "तू कशाला भरतीस गं? आपली शाळा तर सुटली." ती म्हणाली, "सकाळी त्यांना तहान लागंल की."