सुक्या मासळीतलं मीठ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय — आणि तरी जीभ अडखळतेच आहे.

ऐंशीच्या दशकात मी चारकोपला कोंबडीखाद्याच्या एका कारखान्यात केमिस्ट होतो. कारखाना म्हणजे दोन गाळे. एकात भरडायची चक्की, दुसऱ्यात माझी प्रयोगशाळा. मका, पेंड, सुकी मासळी — आलेल्या मालात प्रथिनं किती, ओल किती, मीठ किती, हे तपासायचं आणि त्यावरून मिश्रण ठरवायचं. पिल्लांना मीठ लागतं, पण बेताचं. जास्त झालं तर... ते सांगतोच.

मासळी गोराईहून फुलामावशी आणायची. कोळीण. माझी आई लहानपणीच गेली हे कळल्यापासून पोत्यांबरोबर माझ्यासाठी फडक्यात बांधलेली भाकरी आणि तळलेली मांदेलीही यायची. तिची मासळी नुसत्या उन्हात सुकवलेली. वरून मीठ ती कधी लावत नसे. म्हणून खाद्यात मीठ आम्ही वेगळं घालायचो.

एका खेपेला आभाळ हटलंच नव्हतं. पोती उतरवताना ती म्हणाली, "ऊन नव्हतं, मीठ लावलंय हां बाला. तुझं मीठ कमी टाक." मी हो म्हटलं. आत कॅरमचा डाव रंगला होता. मिठाची चाचणी — किती वेळाचं काम ते? — केलीच नाही. तिचं बोलणं डोक्यातून पार गेलं. नेहमीचं मीठ घालून माल रवाना केला.

तो माल गेला त्या पोल्ट्रीतली पिल्लं पाणी पीत राहिली. अंगात पाणी साचून पोटं तट्ट फुगली, आणि पाण्याच्या भांड्यांभोवतीच ती मरून पडली. मी स्वतः जाऊन पाहिलं ते.

मालकांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. मी म्हणालो — हिने सांगितलंच नाही.

नोकरीची भीती होती? होती. तिलाही पोट होतंच की.

वाटलं होतं, आता ही माझे वाभाडे काढणार. बाहेर फाटकापाशी मात्र तिने हळूच विचारलं, "खरंच नाय सांगलं मी तुला?"

तिथे आम्ही दोघंच होतो. तेव्हा तरी खरं बोलता आलं असतं ना? मी मान हलवली — नाही.

तिने विश्वास ठेवला. माझ्यावर, शिकलेल्या पोरावर; स्वतःवर नाही. "मंग इसारलीच असन मी," म्हणाली आणि माझीच माफी मागितली. तिचा माल बंद झाला. खाल्ल्या मिठाला न जागणारी माणसं असतात म्हणतात, मी त्यातला.

पुढे बोरिवलीच्या बाजारात ती दिसली, मासळी विकताना. गिऱ्हाइकाला भाव सांगितला आणि लगेच शेजारणीकडे वळून विचारलं, "सांगला ना गं मी?" शेजारीण हसत गिऱ्हाइकाला म्हणाली, हिचं असंच चालतं आता, स्वतःच्या तोंडावर भरवसाच नाही हिचा.

मी खांबाआड उभा होतो. ऐकलं, आणि घरी गेलो.