भर दुपारी माझी शॅडो हरवली

आता काय सांगू तुम्हाला! लोकांची छत्री हरवते, देवळाबाहेर जोडा तर हमखास हरवतो. माझी सावली हरवली. तीही भर उन्हात, शाळा तपासायला आलेल्या दिपोटीसाहेबांसमोर, ज्यांच्या एका शब्दावर माझी हंगामी मास्तरकी कायम व्हायची होती.

मी कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेलो. खुद्द महाराजांनी शिक्षणाचं एवढं मनावर घेतलेलं, आणि आमच्या पेठेतल्या शाळेत पोरं इंग्रजी शब्द अजून पाढ्यांसारखे घोकत होती. माझं डोकंच फिरायचं. म्हटलं, शब्द डोळ्यांना दिसला पाहिजे. आता बघा, आपल्याकडे एकटी सावली सगळा संसार ओढते. इंग्रजांनी तिच्या वाटण्या केल्यात. झाडाखाली बसायची ती शेड, आणि आपल्या पायाला चिकटून फिरते ती शॅडो. मग काय, वर्ग थेट मैदानात! पोरं चिंचेखाली, मी उन्हात. उन्हाळ्याची सकाळची शाळा. माझी सावली लांबलचक, पार कुंपणापर्यंत. पोरं तिच्याकडे बोट करून अशी ओरडायची, की रंकाळ्यावरचे बगळे उडावेत.

तपासणीच्या दिवशी दिपोटी सकाळीच येणार होते. पण त्यांच्या दमणीचं चाक कळंब्याच्या वाटेवर निखळलं आणि पोचले ते ऐन बाराला. वैशाखाचं ऊन. त्यांना चिंचेखाली खुर्ची दिली, शेजारी हेडमास्तर, पुढं पोरं. शेड झकास झाली. मी ऐटीत उन्हात गेलो, छाती काढली, जमिनीकडे बोट केलं आणि विचारलं, "व्हॉट इज धिस?"

पोरांनी माना पुढं काढून बघितलं.

"मास्तर," एक पोरगं म्हणालं, "तितं काय बी न्हाय की."

मी खाली बघितलं. खरंच नव्हतं! मागं वळलो, तिथंही नाही. पायाखाली दडली असेल म्हणून एक पाय उचलला. पण खाली बघायच्या आतच पोरांना वाटलं, कवायत. सगळी उठली, गर्रकन वळली आणि एका पायावर उभी राहिली.

दिपोटींनी विचारलं, काय शोधताय?

"शॅडो, साहेब. सकाळी होती."

हेडमास्तर पांढरेफटक पडले. चिंचेखालूनच म्हणाले, "आवो, सावली सोडून गेली की माणूस लई दिस काढत न्हाय. घरी कोण कोण हाय तुमच्या?"

तुम्ही हसाल. पण ज्यानं गेल्या ग्रहणात भर चौकात सगळ्यांदेखत भजी खाल्ली, तो मी मटकन खाली बसलो. आईचा चेहरा दिसला. लग्नात हुंडा घ्यायचा नाही, ही प्रतिज्ञा आठवली. ती आता आपोआपच पाळली जाणार होती.

मला हात द्यायला दिपोटी उन्हात आले. मी त्यांच्या पायाशी बघितलं आणि किंचाळलो, "साहेब, तुमचीबी गेली!"

हेडमास्तर मला धरायला धावले, त्यांचीही नाही. पाठोपाठ पोरं आली. एकाचीही नाही! झालं, म्हटलं, हे प्लेगच्या पुढचं काहीतरी आहे, आख्खी पेठ जाणार. मी हात जोडून पोरांना सांगितलं, घरी जा रे, आईबापांना शेवटचं भेटून घ्या. पोरांनी एकदम गळा काढला.

दिपोटींनी शांतपणे माझी हनुवटी धरली आणि तोंड वर केलं. सूर्य बरोबर टाळूवर होता. इतका सरळ, की सगळ्यांच्या सावल्या ज्याच्या त्याच्या पायाखालीच पडल्या होत्या. आपल्याकडे वर्षातून एखाददुसऱ्या दिवशी तो असा येतो, असं साहेब म्हणाले.

मग खुर्चीत टेकून ते तांब्याभर पाणी प्याले. "इंग्रजी बरं शिकवता. पोरं हा शब्द जन्मात विसरायची नाहीत. कायम करायला हरकत दिसत नाही."

माझा जीव भांड्यात पडला. साहेबांनी टाक दौतीत बुडवला आणि सहज विचारलं, "दुसरा विषय कोणता आहे तुमच्याकडं?"

सांगणं भागच होतं.

"भूगोल, साहेब."