दारात आलेला भंडारा

हल्ली कुणी म्हणालं की राजकारणात देवधर्म आत्ता आत्ता शिरलाय, की मला आधी हसू येतं आणि मग राग येतो. अहो, आत्ता कसला! माझ्या दारात तो पन्नासएक वर्षांपूर्वी पितळेच्या ताटात येऊन उभा राहिला होता. भाषण नाही, झेंडा नाही. नुसती बेलाची पानं आणि हळदीचा ढीग. तेव्हा मी माण तालुक्यातल्या एका वस्तीवर नवी सून होते आणि जीभ माझी तेव्हाही अशीच होती.

माहेर माझं माधवनगरचं. वडील गिरणीत कामाला. देवभोळे म्हणावेत तर पुरते देवभोळे. गुरुवार कधी मोडला नाही, गिरणीच्या दारातल्या गणपतीची आरती यांच्याशिवाय सुरू व्हायची नाही. पण मतदान करून आले की कुणाला दिलं ते आईलासुद्धा सांगायचे नाहीत. आई फणकारायची, "आवं, मी काय परकी हाय का?" वडील मिशीतल्या मिशीत हसायचे आणि म्हणायचे, "पेटीला जाऊन इचार." हे दर निवडणुकीला व्हायचं. त्यामुळे मत ही आपली आपण ठेवायची वस्तू असते, असं मी न शिकवता शिकले होते.

लग्न होऊन आले ती या कोरड्या मुलखात. मालक फौजेत. सासरे आधीच गेलेले. घरात आम्ही दोघी, मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. वस्ती गावापासून लांब, चार घरं आमची आणि बाकी मेंढरं राखणाऱ्यांची. गावात वेशीपर्यंत नळ आला होता, पण वस्तीला ओढ्यातली विहीर. डोक्यावर दोन हंडे आणि कमरेवर कळशी घेऊन चढण चढायची. माहेरी दारात नळ होता, त्यामुळे पहिले सहा महिने मी रडतच पाणी भरलं. आत्याबाई म्हणायच्या, "रड, पन सांडू नगंस."

बांगलादेशच्या लढाईच्या आधीच्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. माझं पहिलं मत. बायकांच्या राखीव जागेला वस्तीवरची सुईण उभी राहिली. तिला सगळे मावशी म्हणायचे. माझे मालक जन्माला येताना पोटात आडवे होते, ते तिनं हातानं फिरवून बाहेर काढले होते. आत्याबाई हे येईल त्याला सांगायच्या. "ती नसती तर माझा ल्योक न्हवता आन मीबी न्हवते." मावशीचं मागणं एकच होतं, वेशीवरचा नळ वस्तीपर्यंत यावा. तिच्यासमोर गावच्या पुढाऱ्यानं आपली भावजय उभी केली होती. तिला आम्ही कुणी कधी उंबऱ्याबाहेर पाहिलं नव्हतं. पण पुढाऱ्याला सगळं गाव आबा म्हणायचं, आणि आबांचं पॅनेल म्हटलं की पुढं बोलायचं काही उरायचं नाही.

तरी वस्तीवर मावशीचा जोर होता. आबांना ते कळलं असणार. एका सकाळी ते चार माणसं आणि खंडोबाचा पुजारी घेऊन आमच्या अंगणात आले. पुजाऱ्याच्या हातात ताट, ताटात बेल आणि भंडारा. आमच्याकडे बेलभंडारा उचलून दिलेला शब्द म्हणजे खंडोबाला दिलेला शब्द. तो मोडायचा नसतो. मोडला तर घरादारावर येतं, असं लहान पोरसुद्धा सांगेल. आणि दारात आलेला भंडारा नाकारायचा तरी कसा? नाही म्हटलं तर ते आबांना नाही, देवाला नाही म्हटल्यासारखं होतं.

आबा ओट्यावर टेकले. आवाज अगदी मऊ. "वैनी, पोरगं सरहद्दीवर हाय. त्याला राखनारा त्योच." असं म्हणून ताटाकडे हात केला. "उचला. घरातली मतं आपल्या पॅनेलला."

मी आत चुलीपाशी होते. ते 'सरहद्दीवर' ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पदर सावरत बाहेर आले आणि म्हणाले, "आत्याबाई, उचलू नका." चारचौघांत सुनेनं तोंड उघडलं म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. आबा हसले. "सूनबाई शेरातली हाय," ते म्हणाले, "तिकडं देव जरा कमी आसतो." त्यांची माणसं खो खो हसली.

आत्याबाई हसल्या नाहीत. त्या ताटाकडे बघत होत्या. मग त्यांनी जे केलं ते मला अजून दिसतं. त्या म्हणाल्या, "उचलते. पन आबा, आदी तुमी उचला. निवडून आलो की वस्तीवर नळ आनीन म्हना."

पुजारी खाली बघायला लागला. आबांनी मात्र पापणी लवायच्या आत चिमूट उचलली, कपाळाला लावली आणि म्हणाले, "खंडोबाच्यान, आनला म्हनून समजा." मग आत्याबाईंनी दोन्ही हातांनी बेल उचलला आणि डोळे मिटून म्हणाल्या, "घरातली दोन्ही मतं तुमची." दोन्ही! म्हणजे माझंसुद्धा.

त्या दिवशी मी घरात जे भांडले, तसं पुन्हा कधी भांडले नाही. "माझं मत तुम्ही कोण देणार? मी उचलला होता का?" त्या म्हणाल्या, "आगं, घराचं म्हनून उचललं. घर म्हंजे तू, मी आन त्यो. आन त्यो तिकडं बंदुकीम्होरं हुबा हाय." मी म्हणाले, "देव काय आबांचा तलाठी आहे का, कुणी कुठं शिक्का मारला ते बघत बसायला?" त्यांनी लगेच स्वतःच्याच गालात मारून घेतलं आणि देव्हाऱ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "ल्हान हाय ती. तिचं मनावर घिऊ नगंस." देवाशी त्या अशाच बोलायच्या, घरातल्या थोरल्याशी बोलावं तसं. त्यामुळे माझा राग त्यांच्यावर धड टिकायचाही नाही. ज्यांनी ते ताट आणलं त्यांच्यावर मात्र टिकला.

संध्याकाळी मी मावशीकडे गेले. म्हटलं हिला तरी राग येईल, ही तरी आत्याबाईंना चार शब्द सुनावेल. मावशी शेळीची धार काढत होती. मी सगळं सांगितलं. तिनं मान वरसुद्धा केली नाही.

"उचलला न्हवं? मंग झालं."

"अगं पण मावशी, मी नाही उचलला. मी तुलाच देणार."

तेव्हा तिनं हात थांबवला. "आसलं काय करू नगंस बाई. माज्या हातानं आनलाय मी त्याला. माज्या मतापायी त्याला कायबाय झालं तर मी कुटं तोंड दाखवू?" तिचे डोळे भरले होते. मी आलेल्या पावली परत फिरले. तिच्याच विरोधात उचललेला भंडारा तीच पाळायला सांगत होती. आबांना हे ठाऊक होतं. आमच्या बायका कशाला भितात, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

मतदान शाळेत होतं. मी मनाशी ठरवून गेले होते, मावशीचा कंदील. जीव गेला तरी कंदील. आत्याबाईंनी वाटेत माझा चेहरा वाचला असणार. शाळेच्या पायरीशी रांग होती, अख्खं गाव जमलेलं. आमचा नंबर जवळ आला तशा त्या वळल्या, आणि मला काही कळायच्या आत खाली वाकल्या. माझ्या पायांवर. सासू सुनेच्या पायांवर! रांगेतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. मी त्यांना दोन्ही दंडांना धरून उठवलं. मला लाज वाटली, संताप आला, आणि त्याच वेळी त्या बाईची इतकी कीव आली की रडू फुटायच्या बेतात होतं.

आत गेले. बोटाला शाई लागली. गोणपाटाच्या आडोशामागे मी, हातात शिक्का आणि समोर दोन चित्रं, मावशीचा कंदील आणि आबांच्या पॅनेलची छत्री. माझा देवावर राग नव्हता आणि आबांच्या भंडाऱ्यावर विश्वास तर अजिबातच नव्हता. पण मालकांचा चेहरा डोळ्यांसमोर आला, लग्नानंतर रजा संपवून निघताना एस्टीच्या खिडकीत होता तो. आणि मनात आलं, असलंच काही तर? मी छत्रीवर शिक्का मारला. नंतर कितीतरी वेळा मी त्या आडोशामागे मनानं जाऊन आले. पश्चात्ताप म्हणाल तर नाही, पण तिथं माझ्यासोबत पाच पुरुष आणि एक पुजारी उभे होते, ते कुणी आत येऊ दिले? तिथं मी एकटीच असायला हवी होते. माझे वडील एकटे असायचे.

मावशी पडली. आबांचं पॅनेल आलं, गुलाल उधळला आणि मिरवणूक खंडोबाच्या देवळावरून गेली.

पुढे थंडीत लढाई झाली. शेजाऱ्यांच्या ट्रान्झिस्टरला कान लावून आम्ही दोघी बसायचो. आत्याबाईंच्या पोटात अन्न जात नव्हतं. लढाई संपली आणि काही दिवसांनी मालक धडधाकट घरी आले. आत्याबाईंनी वस्तीभर गूळ वाटला, देव्हाऱ्यापुढे आडव्या पडल्या आणि उठून मला म्हणाल्या, "बग!" एवढंच. नवरा समोर उभा होता. मीही हात जोडले.

आणि मग बहात्तर उजाडलं. दुष्काळ म्हणजे काय ते आमच्या भागाला शिकवावं लागत नाही, पण तसा दुष्काळ म्हाताऱ्यांनीही पाहिला नव्हता. ओढ्यातली विहीर तळाला गेली. आम्ही एकेक जण खाली उतरून वाटीनं पाणी हंड्यात भरायचो. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि संध्याकाळी विहिरीवर रांगेत बसायचं. नळ वेशीवरून पुढे सरकला खरा, पण वस्तीकडे नाही. आबांच्या मळ्याकडे सरकला. त्यांच्या दाराशी हौद भरलेला असायचा.

मी जळत होते. आत्याबाईही बेचैन होत्या, पण त्यांचं कारण वेगळं होतं. त्यांना काळजी लागली होती ती आबांची!

"भंडारा उचललाय गं त्यांनी," त्या खडी फोडता फोडता म्हणायच्या. "घरात नातवंडं हायती. तसंच ठिवलं तर कसं व्हायाचं?" आबांच्या नातवाला ताप आल्याचं कळलं तर यांनी रविवार धरला. मी म्हणाले, "तुम्हाला वेड लागलंय का? त्या माणसानं आपलं पाणी मळ्यात वळवलं आणि तुम्ही त्याच्यासाठी उपाशी?" त्या म्हणाल्या, "पान्याचं पान्यापाशी. शब्द देवाचा हाय. माझ्या म्हनन्यावरनं उचलला त्यांनी. त्या पोराला कायबाय झालं तर त्यात मीबी आलेच की."

शेवटी एक दिवस त्यांनी कामावर खाडा केला, देवळातून बेल आणि नारळ घेतला आणि आबांच्या घराकडे निघाल्या. मी सोबत गेले. एकटं सोडवेना.

आबा सोप्यात बसले होते, दोनचार माणसं, चहा चाललेला. आत्याबाई पायरीखाली उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि म्हणाल्या, "आबा, तुमी वस्तीच्या नळापायी उचलला हुता. जमलं न्हाई तर ऱ्हाऊ द्या. आमी भरतो कसं तरी. पन देवाचं तसंच अंगावर ठिवू नगा. चला, नारळ फोडून माफी मागू. मीबी येते तुमच्या संगं."

आबांना आधी काही आठवेचना. मग आठवलं, आणि ते हसले. चेष्टेनं नव्हे हो, तसं असतं तर मी दोन शब्द सुनावले असते. अगदी मायेनं हसले, लहान पोर काही खुळ्यासारखं बोललं की हसतो तसं.

"आवं वैनी, त्ये विलेक्शनपुरतं आसतंय! येवडं काय मनाला लावून घेतलंसा? च्या घ्या, बसा."

सोप्यातली माणसंही हसली. त्यात तो पुजारीही होता.

आत्याबाईंनी चहा घेतला नाही. वळल्या आणि चालायला लागल्या. माझ्या जिभेवर शंभर गोष्टी आल्या होत्या, 'मी सांगितलं नव्हतं का' इथपासून पुढे सगळ्या. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि एकही बोलवेना. ऊन टळटळीत होतं. नारळ त्यांच्या हातात तसाच होता.

वस्तीत शिरलं की पहिलं घर मावशीचं. तिनं आम्हाला लांबूनच पाहिलं असणार, तांब्या घेऊन दारात उभी होती. पाणी गढूळच, पण त्या दिवसांत ते तिनं किती रांगा लावून भरलं असेल ते मला माहीत होतं. "घ्या," ती म्हणाली, "उन्हाचं लय लांबनं आलायसा."

आत्याबाईंनी हात पुढे केला नाही. त्या तांब्याकडे बघत राहिल्या, मग मावशीकडे. मग माझ्याकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. आवाज इतका बारीक झाला होता की मला पुढे वाकावं लागलं.

"मंग मी भ्याले कुनाला गं?"