दोन्ही बाजूंचा वकील

बोलायला उभा राहिला की तो आधी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या टेबलावर ठेवायचा. "माझी वेळ तुम्हीच मोजा, साहेब. मी बोलत सुटतो." सभागृह हसायचं. वीस मिनिटं तो बोलणार आणि मी त्याचं घड्याळ सांभाळत बसणार. एकोणिसाव्या मिनिटाला तो बरोबर थांबायचा. असल्या माणसाचा राग येणार नाही तर काय?

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. आपण घासून घासून जे मिळवतो ते ज्याला सहज येतं, असा.

वसई कोर्टात आम्ही एकाच सुमाराला वकिली सुरू केली. मी मुंबईहून आचोळ्याला फ्लॅट घेऊन आलेला. तो निर्मळच्या पलीकडच्या एका गावचा, घरची भातशेती आणि अंगणात विहीर. नव्वदच्या दशकात आम्ही वकील मंडळी दरवर्षी प्रजासत्ताक दिनाला एका शाळेत अभिरूप न्यायालय भरवायचो. राज्यघटनेतला एक प्रश्न घ्यायचा, निवृत्त न्यायाधीशांना बसवायचं आणि दोघांनी लोकांसमोर मराठीत युक्तिवाद करायचा. कोणाची बाजू कुठली, ते आठवडाभर आधी चिठ्ठ्या टाकून ठरे. चार वेळा मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि चारही वेळा हरलो.

मी कलमं पाठ करून जायचो. तो आपला युक्तिवाद कोर्टाबाहेर भाजी विकणाऱ्या बायकांना ऐकवायचा. "समजलं का मावशी?" मावशी नाही म्हणाली की पान फाडायचा. शिवाय चिठ्ठी कुठलीही निघो, तो दोन्ही बाजू लिहून काढायचा. मी त्याला नाटकी म्हणायचो, अर्थात पाठीमागे.

चौथ्या वर्षी प्रश्न पाण्याचा होता. गावांतल्या विहिरींतून टँकर भरून नव्या इमारतींना जात होते आणि विहिरी खाऱ्या होत चालल्या होत्या. जगण्याच्या हक्कात पाणी येतं, पण कोणाच्या? चिठ्ठ्या निघाल्या. टँकरच्या पाण्यावर आंघोळ करणारा मी गावांचा वकील झालो आणि ज्याची विहीर खारी झाली तो इमारतींचा.

दोन दिवसांनी तो माझ्याकडे आला. "साहेब, चिठ्ठ्या बदलू या का? या वेळी माझं गाव येणार आहे ऐकायला. हे लुटुपुटीचं कोर्ट आहे, हे त्यांना पटायचं नाही."

मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. पहिल्यांदाच तो अडचणीत सापडला होता. "नियम म्हणजे नियम," मी म्हणालो.

"तेही खरंच," म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

मला वाटलं, अडखळेल. कसलं काय! त्यानं शब्दांनी चौथ्या मजल्यावरची एक बाई डोळ्यांसमोर उभी केली. कडेवर मूल, हातात हंडा, टँकरमागे धावणारी. "घटनेत गावकरी आणि पाहुणे असे दोन वर्ग नाहीत," तो म्हणाला. पहिल्या रांगेत माझी बायको डोळे पुसत टाळ्या वाजवत होती. माझी बायको! माझा तोल गेला. उत्तराला उठून मी घटना बाजूला ठेवली. "माझ्या विद्वान मित्राची आई ज्या विहिरीवर पाणी भरते, तिच्याविरुद्ध ते आज उभे आहेत." मागे बसलेलं त्याचं गाव त्याच्याकडे बघू लागलं.

निकाल नेहमीप्रमाणे त्याच्या बाजूनं लागला. गाव टाळ्या न वाजवता उठून गेलं. पुढे तिथे त्याला टँकरवाल्यांचा वकील म्हणू लागले. त्यानं चिठ्ठीचं समजावून पाहिलं. "चिठ्ठी निघाली म्हनून कोन आपल्या पान्यावर उलटतो का?" असं एका म्हाताऱ्यानं त्याला विचारलं. हे त्यानंच मला हसत सांगितलं. त्यानं बाजू बदलून मागितली होती, मीच दिली नाही, एवढं मी जाऊन सांगितलं असतं तर मिटलं असतं. मी गेलो नाही.

वर्षाच्या आत गाव खऱ्या कोर्टात जायला निघालं आणि वकीलपत्र घेऊन आलं माझ्याकडे. "तुमी आमच्या पान्याचे वकील," म्हणाले. मी ते घेतलं.

चार दिवसांनी तो घरी आला आणि एक वही ठेवून गेला. गावाच्या बाजूचा सगळा युक्तिवाद, त्या जानेवारीत लिहिलेला. "माझं नाव सांगू नका, नाहीतर तुमच्यावरही विश्वास ठेवायचे नाहीत." मला हवं होतं तेच तो बोलला. वही वाचताना माझा नुसता जळफळाट झाला. त्यातला एक मुद्दा मला सात जन्मांत सुचला नसता. त्याच मुद्द्यावर टँकरना मनाई हुकूम मिळाला. गावानं मला शाल-श्रीफळ दिलं. त्याला बोलावलं नव्हतं.

काही वर्षांनी तो अचानक गेला. हृदयविकार. मी त्याच्या घरी भेटायला गेलो. त्याच्या आईनं विहिरीचं पाणी आणून दिलं.

"घ्या वकीलसाहेब. आता गोड झालंय, तुमच्यामुलं." मग पदराला हात पुसत म्हणाली, "माझा पोर हुशार होता. पन त्या दिवशी आमच्यावर उलटला, ते काय मनातून जात नाय."

बाजू बदलून मागितल्याचं, वहीचं, त्यानं आईलाही सांगितलं नव्हतं. माझं एक वाक्य पुरलं असतं.

मी भांडं रिकामं केलं आणि म्हणालो, "खरंच गोड आहे."