मांडीतला तुकडा

माझ्या वडिलांना सत्तरी उलटल्यावर एकाएकी वाटलं, की आपण लढाईत जखमी झालो होतो हे सरकारनं लिहून द्यावं. तोवर त्यांनी सरकारकडे काही मागितलं नव्हतं आणि सरकारनंही त्यांची कधी चौकशी केली नव्हती. दोघांचं बरं चाललं होतं.

त्याला निमित्त झाला रोह्यातला एक डॉक्टर. वडिलांची उजवी मांडी थंडीत दुखायचीच, पण त्या वर्षी त्यांना पाय टेकवेना. मी माहेरी आलेली होते. भावानं त्यांना मोटरसायकलवर बसवून रोह्याला नेलं, मी मागून रिक्षानं गेले. डॉक्टरनं मांडीचा फोटो काढून उजेडासमोर धरला. हाडाला लागून वालाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका दिसत होता.

"काका, तरुणपणी डुकराच्या शिकारीला जायचात वाटतं," डॉक्टर म्हणाला. "छर्रा दिसतोय हा."

वडील म्हणाले, "लढाईतला हाय."

डॉक्टर हसला. लहान पोरानं परसात वाघ बघितला म्हटल्यावर मोठी माणसं हसतात, तसं. मग "बरं बरं" म्हणून त्यानं गोळ्या लिहून दिल्या. त्याच्या मागच्या भिंतीवर त्याच्या पदव्या एका ओळीत टांगलेल्या होत्या. म्हाताऱ्या माणसाशी कसं बोलावं याची पदवी त्यांत असावी असं मला वाटत नाही.

घरी आल्यावर वडील पडवीत टेकले आणि म्हणाले, "तो मला चोरटा शिकारी समजला गो. आता मला कागद पायजे."

आमच्या गावात वडिलांचा पाय ट्रकवरून पडून अधू झालेला होता. ही गोष्ट गावाला त्यांनीच सांगितली होती, त्यामुळे गावाला दोष देता येत नाही. मी आणि माझा भाऊ त्याच गोष्टीवर वाढलो. खरं काय ते त्यांनी आम्हाला त्या संध्याकाळी पहिल्यांदा सांगितलं, आणि तेही दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

बांगलादेशाच्या लढाईत त्यांची पलटण एका गावाबाहेर अडकली असताना जवळ गोळा फुटला. मांडीतून रक्ताची धार लागली. पेणच्या खारेपाटातला एक शिपाई त्यांचा सोबती होता. त्यानं त्यांना पाठीवर घातलं आणि चिखलातून मागे आणलं. तिथे जखमींची रांग लागलेली होती. कुणीतरी जखम धुतली, पट्टी आवळली आणि पुढच्या माणसाकडे वळला. मागे दवाखान्यात गेलं की आपल्याला निकामी ठरवून घरी धाडतील, आणि घरी भावांचा सगळा संसार आपल्या मनिऑर्डरीवर उभा आहे, या भीतीनं वडील दुसऱ्या दिवशी उठले आणि काठी टेकत पलटणीत परत गेले. लढाई लवकर संपली. जखम वरून भरून आली. सुट्टीवर आले तेव्हा लंगडत होते, म्हणून ट्रकची गोष्ट रचली. पुढे पलटणीतून सुटताना पुन्हा पाय लपवला, कारण धाटावच्या एका कंपनीत गेटवर धडधाकट माणूस हवा होता. ती नोकरी त्यांना मिळाली. बाकी सगळं आयुष्य त्यांनी भात, भातामागून वाल आणि कंपनीच्या शिफ्टी यांत काढलं.

भाऊ त्याच धाटावात दुसऱ्या कंपनीत आहे. त्याला हे सगळं ऐकून पहिल्यांदा वैताग आला. आता या वयात कशाला, असं तो म्हणत राहिला. मग शिफ्टला जाताना बसमध्ये त्याला कुणीतरी सांगितलं, की लढाईत जखमी झालेल्यांना पेन्शन वेगळी असते. त्या दिवसापासून तो वडिलांना धरून जिना उतरवायला लागला. आमच्या घराला जिना नाही. पायऱ्या आहेत, त्याही दोन.

बातमी गावभर झाली तेव्हा आमचा पुढारी आला. निवडणूक जवळ आली होती. त्यानं फाट्यावर मोठा फलक लावला. त्यावर वडिलांचा रेशनकार्डावरचा फोटो, शेजारी कुठल्या तरी परदेशाचा रणगाडा, दोघांच्या डोक्यावर पुढाऱ्याचा हसरा चेहरा, आणि वडिलांना सुभेदार करून टाकलेलं. तो शाल आणि नारळ घेऊन घरी आला आणि रविवारी देवळासमोर सत्कार आहे म्हणाला. वडिलांनी त्याला शांतपणे सांगितलं, की मी शिपाई होतो, सुभेदार सापडला की त्याला ही शाल घाला. पुढारी म्हणाला की लोकांना सुभेदार लवकर कळतो. वडील म्हणाले, मग लोकांनाच घाला. पुढे फाट्यावरून तो फलक कुणीतरी उतरवून नेला आणि भाताच्या उडवीवर घातला. पावसापाण्याला तो चांगला टिकला. पुढाऱ्याच्या हातून गावाचं झालेलं हे एक भलं काम.

मग आम्ही माजी सैनिकांच्या कचेरीत गेलो. वडील, भाऊ आणि मी. साहेबांचा सफारी कडक इस्त्रीचा होता आणि चेहराही. त्यांनी वडिलांना बसायला सांगितलं नाही. वडिलांनी आपली आपण खुर्ची ओढली. जखम झाली तेव्हा ती कुणी पाहिली, असं साहेबांनी विचारलं.

"ज्यानं तोफ डागली त्यानं पायली असंल," वडील म्हणाले. "त्याचा पत्ता माझ्याकडं नाय."

साहेबांनी मान खाली घालून लिहिलं, साक्षीदार नाही. मग त्यांनी विचारलं, की इतकी वर्षं का गप्प बसलात?

"इतकी वरसं मला कोणी खोटा म्हटला नव्हता."

हे काही साहेबांनी लिहून घेतलं नाही. सोबतीचा जबाब आणा, मग बघू, असं सांगून त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

बाहेर आल्यावर मी वडिलांना विचारलं, तो सोबती अजून आहे का? ते म्हणाले, असेल तर पेणच्या खाडीकडे, आणि त्यांनी गावाचं नाव सांगितलं. पलटण सुटल्यावर एका लग्नात दोघांची गाठ पडली होती, पुढे आपापल्या पोटामागे राहून गेलं. तो मिठागरावर कामाला होता, भिवईवर खाच होती, मोठ्यानं बोलायचा.

मी तिथेच थांबले. मला तो माणूस माहीत होता.

लग्न होऊन मी पेणजवळच्या हमरापूरला आले. आमच्या घरी गणपतीचा कारखाना आहे, मी मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते. माझी मुलं जवळच्या ज्या शाळेत शिकली, तिथे दर ध्वजवंदनाला पाहुणा म्हणून हाच माणूस यायचा. भिवईवर खाच, छातीवर पदकं, आवाज खणखणीत. दर वर्षी तो एकच गोष्ट सांगायचा. रोह्याकडचा एक सोबती गोळा लागून पडला, मी त्याला पाठीवर घेऊन चिखलातून निघालो, पण वाटेतच त्यानं माझ्या मांडीवर डोकं ठेवून प्राण सोडला. जाता जाता म्हणाला, माझ्या आईला सांग, मी पाठ दाखवली नाही. इथे मुलं एकदम गप्प व्हायची, बाई चष्मा पुसायच्या, आणि मुख्याध्यापक टाळ्यांची खूण करायचे. मीही पदर डोळ्यांना लावलेला आहे. स्वतःच्या बापाच्या मरणावर मी दर वर्षी रडत होते, आणि तो रोह्याकडे वाल निवडत बसलेला होता.

वडिलांना हे सांगावं की नाही, असं मला झालं. येताना एसटीत सांगून टाकलं. भाऊ पुढच्या बाकावर झोपला होता. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मी मरताना काय बोलतो म्हणालीस?"

मी आईला द्यायचा तो निरोप सांगितला.

"माझी आय तर मी पलटणीत जायच्या आधीच गेलेली," ते म्हणाले. "त्याला म्हायती होतं ते." आणि खिडकीबाहेर बघत बसले. त्यांना मेल्याचं काही वाटलं नव्हतं. आईला मधे आणलं हे त्यांना लागलं होतं.

पुढच्या आठवड्यात मी त्यांना घेऊन खाडीकडच्या त्या गावी गेले. सोबती अंगणात जाळं विणत बसला होता. गंजीफ्रॉक, उघडी पिंढरी, पदकं नाहीत. मंचावर भला दांडगा दिसणारा माणूस घरात अगदीच मुठीएवढा होता. त्यानं वडिलांकडे बघितलं, मग त्यांच्या पायाकडे बघितलं, आणि हातातलं जाळं खाली ठेवलं.

वडील म्हणाले, "मेलेला माणूस आलाय. च्या ठेवायला सांग."

सुनेनं चहा दिला. कचेरीला जबाब हवा आहे, असं वडिलांनी सांगितल्यावर सोबतीनं कप बाजूला ठेवला. मग त्यानं सांगितलं. पहिल्या वर्षी त्यानं शाळेत खरं तेच सांगितलं होतं, की मी एकाला उचलून आणलं आणि तो वाचला. कुणाला काही वाटलं नाही. पोरं चुळबुळ करत होती. खाली उतरल्यावर एक मास्तर म्हणाले, गोष्ट चांगली आहे, पण शेवट जरा हृदयाला भिडला पाहिजे. पुढच्या वर्षी त्यानं शेवट बदलला. टाळ्या थांबेनात. त्यानंतर दुसऱ्या शाळांतून बोलावणी आली, मग तालुक्याला, मग शाली.

"आता मना तोंड दाखवायला जागा नाय रं," तो म्हणाला. "साहेबांसमोर काय सांगू? त्या लोकांनीच मना शाली दिल्यात."

वडिलांच्या आवाजात राग नव्हता. "तुझं तोंड कोण बघतोय? माझी मांडी बघायची हाय. तू फक्त सांग, कुठं लागलं नि कोणी आणला. बाकी माझ्या आयला परत मधी आणू नको."

त्यानं जाळं पुन्हा हातात घेतलं. पण ठरलेल्या दिवशी कचेरीच्या पायरीवर आमच्या आधी येऊन बसलेला होता. पदकं घरी ठेवून आला होता.

साहेबांनी त्याला ओळखलं. उठून नमस्कार केला, खुर्ची दिली. वडिलांना मिळाली नव्हती ती खुर्ची. मग जबाब ऐकता ऐकता साहेबांच्या कपाळावर आठी आली. ते म्हणाले, की आपल्या भाषणात तर हा सोबती मरतो, मी स्वतः ऐकलं आहे.

"भाषणात मेला," सोबती म्हणाला. "लढाईत नाय मेला."

टेबलामागचा कारकून हसला. साहेब हसले नाहीत. वडील गेल्या वेळी जिवंत समोर बसले होते तेव्हा त्यांना काही वाटलं नव्हतं. पण आपण ज्याच्या मरणावर डोळे पुसले तो माणूस जिवंत आहे, ही आपली फसवणूक झाली असं त्यांना वाटलेलं दिसलं. सोबतीला त्यांनी पुन्हा नमस्कार केला नाही.

त्या साली ध्वजवंदनाला शाळेनं सोबतीला नेहमीसारखं बोलावलं. मी मुद्दाम गेले. तो उभा राहिला आणि त्यानं सांगितलं, की मी इतकी वर्षं तुम्हाला खोटं सांगितलं, तो माणूस वाचला, रोह्याकडे शेती करतो, लंगडतो. एवढं बोलून खाली बसला. टाळ्यांची खूण करावी की नाही हे मुख्याध्यापकांना कळेना. शेवटी त्यांनी बॅंडला सुरू व्हायला सांगितलं. एक पालक माझ्या कानाशी म्हणाल्या, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं वाटतं, किती छान बोलायचा. पुढच्या वर्षीपासून तिथे एक निवृत्त व्यवस्थापक येतात आणि शिस्तीवर बोलतात. मुलं झोपतात, पण शेवट कुणाला बदलावा लागत नाही.

कचेरीचं उत्तर आलं तेव्हा भात कापून झालं होतं. त्यात मांडीत धातूचा तुकडा आहे हे मान्य केलेलं होतं. जुनी जखम आहे हेही मान्य होतं. मात्र तो तुकडा युद्धकाळात शरीरात गेल्याचं त्या वेळच्या नोंदींवरून सिद्ध होत नसल्यामुळे विनंती मान्य करता येत नाही, असं खेदानं कळवलेलं होतं. मी वाचून दाखवलं. वडिलांनी पुन्हा वाचायला सांगितलं.

"म्हंजे मी तो गिळला म्हणतात का?" त्यांनी विचारलं.

भाऊ वर दाद मागू म्हणाला. वडील नको म्हणाले. त्यानंतर भावानं पायऱ्यांवर हात धरणं सोडलं. वडिलांना तेच बरं वाटलं, कारण तो धरायचा तेव्हा ते हमखास अडखळायचे.

मला वाटलं होतं की ते खचतील. पण झालं भलतंच. थंडीत एका दुपारी सोबती रोह्याच्या गाडीनं आला, पिशवीत सोडे आणि सुकट घेऊन. वडिलांनी शेतात पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, वर पेटता पेंढा. शेंगा शिजेपर्यंत दोघं विस्तवाशी बसले. मी पुढच्या मडक्यासाठी शेंगांना मीठ चोळता चोळता ऐकत होते.

सोबती म्हणत होता, की तू त्या वेळी फार जड होतास, माझी कंबर तेव्हापासून गेली, तिचाही कागद मागायला पाहिजे होता.

"जड?" वडील म्हणाले. "दोनदा पाडलास मला. ते का नाय सांगितलंस साहेबाला?"

"एकदाच पाडला."

"दोनदा. एकदा बांधावर, एकदा विहिरीपाशी."

सोबती विहीर आठवेना म्हणाला. वडील म्हणाले, आठवणार कशी, तोवर तू मला मारून मोकळा झाला असशील. मग त्यांनी काठीनं मडकं ओढून घेतलं आणि शेंगा शिजल्या का ते बघायला मला सांगितलं.